कप्तान कुक आणि रानडुक्कर

न्यूझीलंडच्या रानडुकराला तिथले लोक आजही ‘कॅप्टन कुकर’ म्हणतात. ब्रिटिश दर्यावर्दी कप्तान जेम्स कुकच्या सफरींमधून तिथे डुकरं पोहोचली, म्हणून हे नाव.

ऑस्ट्रेलियाने तर कमालच केली. यमक जुळवून बोलायच्या हौसेपायी तिथे ‘लुक’च्या जागी ‘कॅप्टन कुक’ आला. मेकॅनिक बॉनेट उघडून ‘जरा कॅप्टन कुक घेऊ दे’ म्हणाला, तर त्याला इंजिनावर नजर टाकायची असते. कप्तानाचा काडीचाही संबंध नसतो!

नकाशावर मात्र त्याचा रुबाब शाबूत आहे. १७७० मध्ये प्रवाळावर आदळलेलं त्याचं एन्डेव्हर जहाज दुरुस्तीसाठी जिथे किनाऱ्याला लावलं, तिथे पुढे कुकटाउन वसलं. कुक बेटांना त्याचं नाव दिलं ते रशियन नकाशाकाराने. न्यूझीलंडचं सर्वोच्च शिखर १९९८ पासून अधिकृतपणे ‘आओराकी/माउंट कुक’ झालं: माओरी नाव आधी, कप्तान मागून.