वेळापत्रकात ही नावं दिसली, तर खूण करा

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्याकडे चित्रपट महोत्सवांचे दिवस. पुण्यात 'पिफ', मुंबईत आशियाई चित्रपटांचा 'थर्ड आय', छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ महोत्सव. शिवाय लहान शहरांतल्या फिल्म सोसायट्याही दोन-चार दिवसांचे खेळ लावतात. आपल्या मोहल्ल्यांतून तिकडं जाणारी कुटुंबं मात्र थोडीच. काही घरांत सिनेमाच नको असतो. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण ज्या घरांत टीव्हीवर आणि मुलांच्या मोबाइलवर रोज सिनेमे चालतातच, त्यांनी तिथं दिसणारा मुसलमान जरा आठवून पाहावा. एकतर नवाब नाहीतर सुरमा घातलेला खलनायक. माझ्या वर्गातली मुलं हेच पाहत वाढताहेत. 'सैराट'मधला सल्या त्यांना एवढा आवडला, तो मला वाटतं त्यामुळंच. तो फक्त मित्र आहे, आणखी काही नाही.

महोत्सवाचं वेळापत्रक हातात आलं की मी असेच सिनेमे शोधते, ज्यांत आपल्यासारखं घर हे नुसतं घर असतं. नवे कोणते येतील ते दरवर्षी बदलतं. जुन्या, गाजलेल्या चित्रपटांच्या विभागात मात्र पुढची नावं दिसली, तर सोडू नका.

पहिली पसंती माजिद मजिदी यांच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'ला (१९९७). तेहरानमधल्या गरीब घरातला अली बहिणीचे बूट मोच्याकडून आणताना हरवतो. अब्बांकडं नव्या बुटांना पैसे नाहीत, म्हणून घरी सांगायचीही सोय नाही. मग अलीचा एकच जोड दोघांत. जाहरा सकाळच्या शाळेला तो घालून जाते, सुटल्यावर गल्लीबोळांतून धावत येते आणि वाट पाहत उभा असलेला अली तोच पायात चढवून दुपारच्या शाळेकडं पळतो. दोन सत्रांत भरणाऱ्या उर्दू शाळांत जे शिकलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पुढं एका शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस बूट असतं आणि अली तिसरा येण्यासाठी धावतो. काय होतं ते सांगत नाही.

परभाषा विभागात ऑस्करचं नामांकन मिळवणारा हा पहिला इराणी चित्रपट. मला मात्र त्यातला एक अगदी लहानसा प्रसंग सगळ्यांत मोठा वाटतो. वडील मशिदीतल्या कार्यक्रमासाठी साखरेचे खडे फोडत बसलेत. समोर ढीग पडलाय. जाहरा चहा आणते, तेव्हा ते तिच्याकडं घरातली साखर मागतात, कारण ही साखर मशिदीची आहे. 'अमानत' हा शब्द समजावायला मला वर्गात दोन तासिका लागतात! (याच गोष्टीवरून हिंदीत 'बम बम बोले' निघाला. तो पाहून भागवू नका.)

अब्बास कियारोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (१९८७) याहून संथ आहे. चुकून आपल्याकडं आलेली मित्राची वही परत करायला एक मुलगा शेजारच्या गावात घर शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. कारण वहीत गृहपाठ नसेल, तर गुरुजी मित्राला शाळेतून काढणार आहेत. शिक्षकांनी तर पाहावाच. फारसीला घाबरू नका. मूळ नावातले 'खाना' आणि 'दोस्त' उर्दू येणाऱ्याला ओळखीचेच आहेत, आणि इंग्रजी ओळी वाचायला मुलं मदत करतात.

पण मुलांना नेण्याआधी चौकशी करा. अनेक महोत्सवांत अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. तसं असेल तर फिल्म सोसायटीचे किंवा बालचित्रपटांचे खेळ गाठावेत. मी स्वतः दुपारचा, जुहर आणि असरच्या मधला खेळ निवडते. थंडीत मगरिब लवकर होते, संध्याकाळच्या खेळात जीव अर्धा घड्याळात राहतो.

'वज्दा'वर (२०१२) मैत्रिणींत माझं नेहमी भांडण होतं. हैफा अल-मन्सूर यांचा हा चित्रपट पूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला पहिला कथापट. रस्त्यावर पुरुषांत उघडपणे वावरून काम करणं अवघड, म्हणून बाईंनी व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना दिल्या. तिथं चित्रपटगृहं उघडली ती २०१८मध्ये. वज्दाला हिरवी सायकल हवी आहे आणि पैशांसाठी ती कुरआन पठणाच्या स्पर्धेत उतरते. काहींना यात दीनची चेष्टा दिसते. मला नाही दिसत. बक्षिसासाठी सुरू झालेलं तिचं पठण हळूहळू सुधारत जातं, आवाजात ठहराव येतो, हे दिग्दर्शिकेनं आदरानं दाखवलंय. वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा विषयही आहे. आई आणि मोठी मुलगी, दोघींनी मिळून पाहावा आणि घरी येऊन बोलावं.

आणि 'गर्म हवा'. इस्मत चुगताईंची अप्रकाशित कथा, शमा झैदी आणि कैफी आझमी यांची पटकथा, एम. एस. सथ्यू यांचं दिग्दर्शन. १९७३ साली तयार झालेला हा चित्रपट दंगे होतील या भीतीनं सेन्सॉरनं अडवला आणि पुढं त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बलराज साहनी तो प्रदर्शित होण्याआधीच गेले.

फाळणीनंतरचं आग्रा. जोड्यांचा कारखाना चालवणाऱ्या सलीम मिर्झांचे नातेवाईक एकेक करून पाकिस्तानात जातात. हवेली भावाच्या नावावर, म्हणून तीही हातून जाते आणि मिर्झा भाड्याचं घर शोधत दारोदार फिरतात. फोनवर नाव सांगताच घरमालकाचा आवाज बदलतो, हे आज ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही दृश्यं पन्नास वर्षांपूर्वीची वाटणार नाहीत. मिर्झांच्या मुलीचा, अमिनाचा शेवट मात्र फार जड आहे. शाळकरी मुलांना नेऊ नका.

दादी-नानीला न्यायचं असेल, तर हाच. भाषा आपलीच, खालच्या ओळी वाचायच्या नाहीत. आणि हवेली सोडायच्या दिवशी लपून बसणारी मिर्झांची म्हातारी आई त्यांना सगळ्यांच्या आधी ओळखू येईल.