निम्म्या मेल्या, पण उरलेल्यांचं काय?

डीडीटीने कीटक मरतात, हे पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधलं आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मात्र स्वीडनमधल्या घरमाश्यांनी त्याआधीच, १९४६ च्या सुमारास, डीडीटीला जुमानणं सोडलं होतं.

जुमानत नाहीत म्हणजे किती? प्रयोगशाळेत माश्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणतात. मग प्रत्येकीच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या औषधाचा इवलासा थेंब सोडतात. साखरपाणी देऊन चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. एका गटाला नुसतं ॲसिटोन लावतात. त्यातही काही मरतातच, तेवढी वजावट करावी लागते. नाहीतर हाताळणीत दगावलेली माशीही औषधाच्याच खात्यावर पडायची! निम्म्या माश्या मारणारी मात्रा म्हणजे ‘एलडी-५०’. मात्रेचा लॉगॅरिथम घेऊन मृत्यूचं प्रमाण ‘प्रॉबिट’ या मापात मांडलं, की आलेखाची नागमोडी रेघ बरीचशी सरळ होते. चेस्टर ब्लिस यांनी १९३४ मध्ये ही युक्ती सुचवली.

या एलडी-५० वर फार विसंबू नये, असं माझं मत. समजा, शंभरांत पाच माश्या प्रतिकारक आहेत. उरलेल्या पंचाण्णवांतूनच पन्नास मरायच्या असल्याने एलडी-५० जवळपास जागेवरच राहतो. सगळं आलबेल वाटतं. पण आलेखाच्या वरच्या टोकाला रेघ ९५ टक्क्यांपाशी अडते. मात्रा चौपट केली तरी त्या पाच जिवंतच, आणि पुढची पिढी त्यांचीच. फवारणी चालू राहिली, की मिश्र जमावाची रेघ आडवी पसरते. सगळ्याच प्रतिकारक झाल्या, की पुन्हा उभी चढते, पण पार उजवीकडे सरकून. म्हणजे एका आकड्यापेक्षा रेघेचा उतार जास्त बोलका.

डीडीटी चेतापेशीतली सोडियमची वाट उघडी धरून ठेवतं आणि माशी तडफडून मरते. या वाटेच्या प्रथिनात १०१४ व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलॲलनीन आलं, की औषधाची पकड सुटते. हा गुण अप्रभावी (रिसेसिव्ह) असल्याने बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेली माशी बहुधा मरते. गुण सुरुवातीला दडून राहतो. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकंही तिथेच घाव घालतात, त्यामुळे ती बाजारात आली तेव्हा काही माश्या आधीच तयार होत्या.

म्हणून देखरेखीसाठी संवेदनशील कीटक हमखास मरतील अशी एकच मात्रा वापरतात आणि वाचलेले मोजतात. डासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: ९८ टक्क्यांहून कमी मेले तर संशय, ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकार पक्का.