डोळ्यातली चिप आणि धानाचं तूस

युरोपातल्या पाच देशांतल्या 38 वृद्धांच्या डोळ्यांत बसवलेल्या एका चिपचे निष्कर्ष ऑक्टोबर 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. वयापरत्वे या सगळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसे, पण समोरचं अक्षर दिसत नसे. वर्षभराने ज्या 32 जणांची तपासणी झाली, त्यांतल्या 26 जणांना तक्त्यावरच्या निदान दोन ओळी जास्त वाचता आल्या. शस्त्रक्रियेचे गंभीर त्रासही काहींना झाले. त्यांतले बहुतेक पुढे निवळले.

दृष्टिपटलातल्या दंड आणि शंकू पेशी प्रकाश टिपतात आणि त्याचा विद्युतसंदेश करून मागच्या पेशींना देतात. तिथून डोळ्याच्या नसेतल्या दहा-बारा लाख तंतूंवाटे तो मेंदूकडे जातो. या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, मागच्या बऱ्याचशा जिवंत राहतात. स्टॅनफर्डच्या डॅनियल पालँकर यांनी नेमका याचा फायदा घेतला. चष्म्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि चष्मा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी ते चिपवर पाडतो. दोन मिलिमीटर लांब-रुंद चिपवरचे 378 बिंदू त्याच किरणांपासून वीज तयार करतात आणि मागच्या पेशींना जागं करतात. डोळ्यात ना तार, ना बॅटरी. दिसतं ते काळं-पांढरं, मोठं करून, सरावाने. पण ज्याला पुस्तक कायमचं मिटलं होतं, त्याला एक शब्द वाचता येणं ही लहान गोष्ट नाही.

आधीच्या एका यंत्राची कहाणी मात्र विसरता येत नाही. 60 इलेक्ट्रोडच्या ‘आर्गस-2’ला अमेरिकेत 2013 मध्ये परवानगी मिळाली आणि साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. 2019 मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं, पुढच्या वर्षी कंपनीच डबघाईला आली. डोळ्यात यंत्र आहे, पण ते बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नाही, अशी त्या माणसांची अवस्था झाली. शरीरात बसणाऱ्या यंत्राची जबाबदारी माणूस जिवंत असेपर्यंत कोणीतरी घेतलीच पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे होतं. पन्नाशीच्या आत मात्र सर्वांत मोठं कारण वेगळं आहे: बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पांढरा पडणं. त्याचा वाटा 37.5 टक्के. या दोन्हींत दृष्टिपटल बहुधा शाबूत असतं. प्रकाश तिथवर नीट पोचत नाही. अशा डोळ्यात ती चिप काहीच करू शकत नाही.

उदाहरणार्थ, चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही. हा धानाचा मुलूख. इथे कृषी विद्यापीठाचं धान संशोधन केंद्रही आहे. कापणी होते, पुंजणे रचले जातात, मग चुरणे, म्हणजे मळणी, सुरू होतात. हवेत तूस उडतं, लोंबी डोळ्याला फटकारते, बुबुळाला बारीक ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून फ्युझेरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशी आत शिरतात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसवत नाही. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घातले, तर लाली ओसरते आणि बुरशी आत पसरत जाते. नॅटामायसिनसारखं बुरशीनाशक आठवडेच्या आठवडे घालावं लागतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर डोळ्यात फूल पडतं, आणि ते मजुरी करायच्या वयात.

नेपाळच्या भक्तपूरमध्ये यावर एक साधा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये आले. बुबुळाला ओरखडा पडलेल्या 442 जणांना गावातल्याच कार्यकर्त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल मलम तीन दिवस लावलं. 96 टक्के जण जंतुसंसर्ग न होता बरे झाले. अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्या 284 जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. पुढे नेपाळमध्येच चिठ्ठ्या टाकून गावं निवडलेल्या मोठ्या चाचणीत मात्र व्रणांचं एकूण प्रमाण घटलेलं दिसलं नाही. तेव्हा केवळ मलमावर विसंबता येणार नाही. मळणीयंत्रापाशी उभ्या प्रत्येकाच्या डोळ्यावर साधा गॉगल हवा. डोळ्याला लागलं की त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायला हवं, आणि आशाताईला ‘हा डोळा आजच पुढे पाठवा’ असं ठामपणे सांगता यायला हवं. चिपच्या तुलनेत या गोष्टींचा खर्च नगण्य आहे. म्हणूनच त्या होत नाहीत याचं मला जास्त दुःख होतं.

फूल पडलेल्या अनेक डोळ्यांनाही वाट आहे. एडुआर्ड झिर्म यांनी 7 डिसेंबर 1905 रोजी मोरावियातल्या ओलोमौत्स इथे पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण केलं, तेही चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर. पूर्ण डोळा बसवून दृष्टी देणं आजही जमलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये मे 2023 मध्ये अख्खा डोळा रोपला गेला, त्यात रक्त खेळलं, पण दिसलं काही नाही. तुटलेली नस पुन्हा मेंदूपर्यंत वाढत नाही. कॉर्नियाला मात्र त्या नसेशी जुळवायची गरज नसते. रक्तगट जुळावा लागत नाही. दात्याला चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालतं. अडचण वेळेची आहे: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो. जंगलातल्या गावात नेत्रपेढीचं पथक पोचेपर्यंत हे तास भराभर सरतात. म्हणून पेढीचा फोन नंबर आधीच घरात लिहून ठेवलेला असावा. माणूस गेल्यावर पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा.