शिवारातले पक्षी आणि आपले समज

पक्षी बघायला कुठे जावे, असे कोल्हार-भगवतीपुरात विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. हिवाळा असेल तर नांदूर मधमेश्वर, नाहीतर जायकवाडीचा नाथसागर. पावसाळा असेल तर भंडारदरा. गावाभोवतीच्या उसाच्या फडात, पेरूच्या बागेत, प्रवरेकाठच्या बाभळीत किंवा पाटाच्या भरावावर बघण्यासारखे काही असेल, असे सहसा कुणी सुचवत नाही. सुचवलेली ठिकाणे उत्तमच आहेत. नांदूर मधमेश्वर तर 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. पण या उत्तरांमागे एक समजूत दडलेली आहे: पक्षी म्हणजे जंगल, मोठे पाणी आणि थंडी. गंमत अशी की नांदूर मधमेश्वरचा बंधारा, नाथसागर आणि 1926 साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण ही तिन्ही माणसाने प्रामुख्याने शेतीच्या पाण्यासाठी बांधली. पक्षी तिथे मागाहून आले. म्हणजे ज्याला आपण निसर्गाची जागा समजतो तीही शेतीच्याच हिशेबात उभी राहिली आहे. या भागातल्या पक्ष्यांचे वर्ष नांगरणी, पेरणी, काढणी आणि पाटाच्या आवर्तनांना जोडलेले असते. ते तसे वाचले की एरवी पक्क्या वाटणाऱ्या बऱ्याच समजुती ढिल्या पडतात.

पहिली समजूत जंगलाची. राहाता-राहुरी हा पट्टा पर्जन्यछायेचा, वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा. इथे घनदाट जंगल कधी नव्हतेच. बाभूळ, हिवर, बोर अशी काटेरी झुडपे आणि त्यांच्यामध्ये पसरलेले गवत, हीच इथली मूळ वनश्री. त्या उघड्या रानाला सरावलेले पक्षी जंगलात राहू शकत नाहीत. माळटिटवी, धाविक, चंडोल, लावा, तित्तर यांना जमीन दिसली पाहिजे, शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळीक पाहिजे. हिवाळ्यात येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी तर मुक्कामही गवतात जमिनीवरच करतो. सरकारी दप्तरात आणि आपल्या बोलण्यातही अशा जमिनीला एकच नाव असते: पडीक. तिथे काही नाही, म्हणून झाडे लावा, हा पुढचा विचार आपोआप येतो. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या रांगा उभ्या राहतात, उद्घाटनाचे फोटो निघतात आणि माळावरचे पक्षी मुकाट्याने निघून जातात.

याचा सर्वांत कडू पुरावा याच जिल्ह्यात आहे. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्यात सोलापूरच्या तालुक्यांबरोबर कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा हे नगरचे तालुकेही होते. नेवासा म्हणजे प्रवरा गोदावरीला मिळते तो तालुका, कोल्हारहून नदीच्या उताराने जाता येईल इतका जवळ. आज माळढोक सगळ्या जगात दीडशेच्या आसपास उरला आहे आणि इथला माळ त्याच्याविना आहे. तो जंगलतोडीमुळे संपला नाही. शिकार, माळाचे शेतात आणि बागायतीत झालेले रूपांतर आणि विजेच्या तारा ही त्याची मुख्य कारणे. या जड पक्ष्याचे डोळे बाजूला असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. शिवाय मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी भरून निघत नाही. मग झाडे लावूच नयेत का, असा प्रश्न कुणी करील, आणि तो रास्त आहे. लावावीत, बांधावर, ओढ्याकाठी, वस्तीभोवती, देवळाच्या आवारात. वड, उंबर, कडुनिंब, बाभूळ लावावी. पण त्याहीपेक्षा आहेत ती म्हातारी झाडे राखावीत, कारण पिंगळा, पोपट, हुदहुद, नीलपंख यांना घरट्यासाठी ढोली लागते आणि ढोली रोपाला नसते. माळाला मात्र माळ राहू द्यावे. झाडांची संख्या हे काही निसर्गाच्या तब्येतीचे एकमेव माप नव्हे.

दुसरी समजूत हिवाळ्याची. आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा. योजना चांगली, पण वर्षाच्या उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांना सुट्टी असल्यासारखे होते. त्यातच दरवर्षी बातमी येते की सैबेरियातले पक्षी अंडी घालायला आले. वस्तुस्थिती उलटी आहे. हिवाळी पाहुणे इथे खायला येतात. त्यांची वीण उत्तरेत, तिकडच्या उन्हाळ्यात होते. नाथसागरावर उतरणारा पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडे अंडी घालतो, इथे तो पाण्यावर विसावतो आणि आसपासच्या शेतांत चरतो. आणि पाहुणे म्हणजे केवळ बदके आणि रोहित नव्हेत. नुकतेच पाणी दिलेल्या गव्हाच्या वाफ्यात शेपटी हलवत धावणारा पिवळा धोबी, उसाच्या कडेच्या वाळक्या काडीवर बसलेला मूठभर गप्पीदास हेही हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. रब्बीच्या ज्वारीवर थव्याने उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपातून येतो आणि कणसे खळ्यावर जाण्याच्या सुमारास परत निघतो. त्याला बघायला तिकीट लागत नाही, फक्त ज्वारी अजून पेरली जाते असे रान लागते. उसाने ते कमी केले आहे, हे मान्य केले पाहिजे. शेजारच्या लोणीला 1950 साली सहकारी कारखान्यात गाळप सुरू झाल्यापासून या पट्ट्याचा रंगच बदलला.

इथल्या रहिवासी पक्ष्यांची खरी लगबग थंडीत नसते. नीलपंख आणि वेडा राघू उन्हाळ्यात घरटी करतात. टिटवी मार्चपासून पाऊस लागेपर्यंत, कधी त्यानंतरही, नांगरटीत चार खडे गोळा करून अंडी घालते आणि भर उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी थंड ठेवते. पावसाळ्यात चातक येतो. तो फक्त आभाळातून पडणारे थेंब पितो ही कल्पना सुंदर आहे, खरी नाही; तो इतर पक्ष्यांसारखेच पाणी पितो आणि अंगावर केस असलेल्या सुरवंटांवर ताव मारतो. पण तो नैर्ऋत्य वाऱ्याच्या पाठबळावर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून मॉन्सूनच्या आगेमागे पोचतो हे मात्र खरे, आणि माझ्या मते कथेपेक्षा अधिक थक्क करणारे. त्याची अंडी उबवण्याची जबाबदारी बहुतेक वेळा बांधावरच्या सातभाईंवर पडते. याच दिवसांत विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. बहिणाबाईंनी त्याचे श्रेय मादीला दिले आणि मराठी मनात ते कायमचे बसले. प्रत्यक्षात घरटे नर विणतो. अर्धे विणून झाले की मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर नर नळी जोडून ते पुरे करतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बसून हे सगळे बारकाईने टिपले. कोकिळेचीही तीच गत: गाणारा नर असतो. कवितेचे यात काही बिघडत नाही, पण जून ते सप्टेंबर घरात बसणाऱ्याला हे काहीच दिसत नाही, हे बिघडते.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. हे सगळे ठीक, पण पक्षी म्हणजे पिकाची नासाडी. ज्याच्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा बसला आहे त्याला निरीक्षणाचे कौतुक काय सांगता? आक्षेप खोटा नाही. माचण, गोफण आणि बुजगावणे उगाच जन्माला आली नाहीत. हुरड्यात आलेले कणीस, पिकू लागलेला पेरू, डाळिंब यांचे नुकसान होते, आणि लहान तुकडा असलेल्या किंवा सगळ्यांच्या आधी पीक तयार झालेल्या शेतकऱ्याचे जास्त होते, कारण सारा थवा त्याच्याच वाट्याला येतो. पण हे नुकसान वर्षातल्या मोजक्या आठवड्यांचे असते. हीच भोरडी मध्य आशियात टोळांवर आणि इथे नाकतोड्यांवर जगते. दाणे खाणारी सुगरण आणि चिमणी पिलांना अळ्या भरवतात, कारण पिलू दाण्यावर वाढत नाही. कोतवाल दिवसभर किडे टिपतो. ट्रॅक्टरमागे चालणारे गायबगळे आणि शराटी उलथलेल्या मातीतल्या हुमणीवर तुटून पडतात, आणि उसाला हुमणी काय करते हे या भागात कुणाला सांगायला नको. रात्री गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवर गुजराण करते. या कामाची मजुरी कुणी मांडत नाही, नासाडी मात्र डोळ्यांना दिसते. म्हणून माझे मत असे की फळबागेवर जाळी घालायची तर जाड धाग्याची, दिसणारी आणि ताणून बसवलेली घालावी. बारीक नायलॉनच्या सैल जाळीत साळुंक्या, दयाळ, कधी घुबडेही अडकून मरतात, म्हणजे चोराबरोबर राखणदारही जातो.

घुबडाची दुसरी अडचण अपशकुनाची. घराच्या वळचणीला पिंगळा ओरडला, टिटवी रात्री आकाशातून ओरडत गेली, की कुणीतरी जाणार असे अजून मानले जाते. टिटवी ओरडते कारण तिच्या उघड्यावरच्या अंड्यांजवळ कुत्रा, मुंगूस किंवा माणूस आलेला असतो. पिंगळा आवाजाने आपली हद्द राखतो, आणि वस्तीजवळ राहतो कारण उंदीर-किडे आणि ढोल्या तिथे असतात. या समजुतीची किंमत घुबडेच मोजतात; काळ्या जादूसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, त्यांची चोरटी विक्री होते आणि तो गुन्हा आहे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, हा ठोकताळा त्यामानाने निरुपद्रवी आहे. चितमपल्लींसारख्यांनी असे लोकज्ञान नोंदवून ठेवले हे मोलाचेच. पण टिटवी उंचवटाही निवडते, सपाट मुरूमही, अलीकडे घराचा स्लॅबसुद्धा. तिच्यावर पेरणीचा निर्णय सोपवू नये.

शेवटी चिमणी. मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या मारल्या, हे वाक्य शाळकरी मुलांच्या निबंधातही असते. त्याला भक्कम पुरावा नाही. 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात देशभरातली चिमण्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर दिसली; घट दिसली ती मोठ्या महानगरांत. जिथे कौले, वळचणी आणि भिंतीतली भोके जाऊन स्लॅब आला, पिलांसाठी किडे उरले नाहीत, तिथून चिमणी गेली. सगळे लक्ष चिमणीकडे असताना प्रत्यक्षात घसरण दुसरीकडेच झाली. 2023 च्या अहवालात सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या होत्या. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या 60 टक्के कमी झालेल्या दिसल्या, आणि मोकळ्या रानातल्या, गवताळ भागातल्या पक्ष्यांची स्थिती विशेष वाईट होती. ज्यांचा जागतिक दर्जा पुन्हा तपासावा असे सुचवले गेले त्यांत तारेवर बसणारा आपला नीलपंख आहे. मोर मात्र वाढला आहे.

या नोंदींत शहरांजवळचे तलाव आणि अभयारण्ये भरपूर असतात, उसाच्या पट्ट्यातली गावे विरळ. हौशी माणूस जिथे फिरायला जातो तिथलीच नोंद होते. त्यामुळे कोल्हारसारख्या गावाची उणीव कुठल्या दूरच्या तज्ज्ञाने येऊन भरून निघणारी नाही, आणि त्यासाठी भिंगाचा महागडा कॅमेराही लागत नाही. साधी दुर्बीण, वही आणि एकच ठरलेली वाट पुरते: पाटाचा एक टप्पा, एक बांध, नदीचा एक घाट. सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटे, महिन्यातून दोनदा, आषाढातही आणि वैशाखातही. घार, कावळा, साळुंकी, पारवा सगळे लिहायचे, संख्येसह. पाटाला आवर्तन होते की नव्हते, शेजारच्या रानात ऊस उभा होता की तोड झाली होती, पाचट जाळले होते का, हेही लिहायचे. घरट्याजवळ थांबायचे नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही. आणि मागच्या वेळी तारेवर असलेला नीलपंख आज दिसला नाही, तर तेही त्याच पानावर, तारखेसह.