निळ्या रक्ताचे ऋण
आपण बाळाला लस टोचून आणतो, घरात कुणाला सलाइन लावतात, तेव्हा त्यात जंतूंचे विष नाही याची खात्री बहुधा एका समुद्री प्राण्याच्या रक्ताने झालेली असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा प्राणी घोड्याच्या नालेसारखा दिसतो. लोक त्याला खेकडा म्हणतात, पण त्याचे नाते कोळी-विंचवांशी. ओडिशाच्या किनाऱ्यावरही त्याचे भाऊबंद आहेत.

त्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते. काही जंतू शिरताच ते गोठते, असे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली दाखवले. पुढे जॅक लेविन यांच्यासह त्यांनी यावरून चाचणी बसवली. त्याआधी सशांना औषध टोचून ताप येतो का, हे तासन् तास पाहत! उकळल्याने जंतू मरतात, पण विष उरते. म्हणून हा खटाटोप.

रक्त काढून प्राणी समुद्रात सोडतात, तरी त्यातले काही मरतातच. तथागतांची करुणा माणसापाशी थांबत नाही. आम्हाला हे खुपते. उपाय विज्ञानानेच काढला. सिंगापूरच्या डिंग जॅक लिंग व हो बाऊ यांनी रक्तातले ते द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. युरोपच्या औषधसंहितेने ही नवी चाचणी २०२१ पासून मानली. अमेरिकेच्या संहितेला मात्र २०२५ उजाडावे लागले.