नांगराशेजारी बंदूक

क्रोएशियातलं कार्लोवाच शहर नकाशात पाहिलं की मधोमध सहा टोकांची चांदणी दिसते. कुपा आणि कोराना या नद्यांच्या बेचक्यात १३ जुलै १५७९ रोजी तिचं काम सुरू झालं. प्रत्येक टोक म्हणजे एक बुरूज. भोवती खंदक, आत काटकोनात आखलेले रस्ते. एका बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू आलाच, तर शेजारच्या बुरुजावरची तोफ त्याला बगलेतून टिपायची.

ही चांदणी उभारायची वेळ आली ती मोहाचच्या रणामुळे. २९ ऑगस्ट १५२६ रोजी तिथे हंगेरीचा राजा लायोश दुसरा ओटोमन फौजेपुढे हरला आणि पळताना मेला. हंगेरीच्या मुकुटाशी जोडलेला क्रोएशिया त्या दिवशी पोरका झाला. पुढच्याच १ जानेवारीला सेतिनच्या किल्ल्यात जमलेल्या क्रोएशियन सरदारांनी हाब्सबर्ग घराण्यातल्या फर्डिनांडला राजा निवडलं. बदल्यात त्याने सरहद्द राखायची होती. तरीही ठाणी पडतच राहिली. शतक सरताना लोक आपल्या देशाला ‘उरल्यासुरल्याचं उरलंसुरलं’ म्हणू लागले होते.

पैसा आला तो शेजाऱ्यांकडून. स्टायरिया, करिंथिया आणि कार्निओला हे ऑस्ट्रियन प्रांत. क्रोएशिया पडला तर पुढचं दार आपलंच, हे त्यांना कळत होतं. १५७८ साली ब्रुक इथल्या सभेत त्यांनी खर्चाचा भार उचलला. सरहद्दीचे दोन भाग झाले. एकाचं मुख्य ठाणं पुढे कार्लोवाच झालं, दुसऱ्याचं वाराझ्दिन. हुकूम सुटायचे ग्रात्सच्या युद्धमंडळातून. क्रोएशियाच्या साबोरला, म्हणजे सरदारांच्या सभेला, आपल्याच भूमीवरच्या या पट्ट्यात फारसं कोणी विचारेना.

पण नुसत्या तटांनी सरहद्द राखली जात नाही, तिथे माणसं नांदावी लागतात. ओस पडलेल्या गावांत ती आली पलीकडून, ओटोमन मुलखातून. त्यांत व्लाख म्हणून ओळखले जाणारे, बहुतेक ऑर्थोडॉक्स पंथाचे मेंढपाळ होते, आणि तिकडून पळून आलेले, उस्कोक म्हणवले जाणारे लढवय्येही होते. त्यांना जमीन मिळाली, जमीनदाराचा सारा आणि वेठ माफ झाली, मोबदला एकच: हाक येताच हत्यार घेऊन हजर व्हायचं. ५ ऑक्टोबर १६३० रोजी सम्राट फर्डिनांड दुसऱ्याने वाराझ्दिनकडच्या व्लाखांना हे हक्क सनदेने लिहून दिले. गावाने आपला क्नेझ, म्हणजे मुखिया, स्वतः निवडायचा, आणि १८ वर्षांवरच्या पुरुषांनी लढाईला निघायचं.

या सनदेबद्दल मला आदर वाटतो. त्या काळात कुळाला असा शब्द राजाकडून क्वचितच मिळे. पण तिची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. सरदार म्हणत राहिले, जमीन आमची आहे, हे आम्हाला काहीच देत नाहीत. आणि सनदेच्याही आधी, १५७३ साली मातिया गुबेत्सच्या नेतृत्वाखाली शेतकरी जाचाविरुद्ध उठले, तेव्हा क्रश्कोजवळ त्यांची एक तुकडी मोडली ती सरहद्दीवरच्या उस्कोकांनीच. स्वतः वेठीतून सुटलेल्यांनी वेठीत अडकलेल्यांवर हत्यार उचललं होतं.

अठराव्या शतकात या पट्ट्याच्या पलटणी झाल्या. सावा नदीच्या दलदलीत उंच खांबांवर ‘चार्दाक’ नावाच्या लाकडी चौक्या दिसू लागल्या. पुरुष पाळीपाळीने तिथे पहाऱ्याला जात. घरचं शेत पडीक राहू नये म्हणून ‘झाद्रुगा’ ही एकत्र कुटुंबाची रीत सरकारनेच जपली. एक भाऊ चौकीवर, बाकीचे आणि बायका नांगरामागे. सरहद्दीचा निम्मा भार या बायकांनी वाहिला, असं मी म्हणेन.

पुढे या पहारेकऱ्यांना एक नवा शत्रू नेमून दिला गेला: प्लेग. पलीकडून आलेल्या प्रवाशाला एरवी २१ दिवस, संशय असला तर ४२ आणि साथ असली तर ८४ दिवस अडकवून ठेवत. कापसाचे गठ्ठे उकलून वाऱ्यावर टाकत, पत्रांना भोकं पाडून धुरी देत.

१८७८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्नियाचा ताबा घेतला आणि पलीकडे शत्रूच उरला नाही. १८८१ मध्ये हा पट्टा क्रोएशियाच्या कारभारात परत आला. साबोरने पिढ्यान्‌पिढ्या मागितलेला मुलूख तिला मिळाला तो असा, आणि त्याच्यासोबत मिळाली ती माणसं, ज्यांचा जमिनीवरचा हक्क अडीच-तीनशे वर्षं बंदुकीवर उभा होता.