शेततळ्यात माशांबरोबर कोळंबी सोडताय? आधी हे वाचा



शेततळी भरत आली आणि ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: कटला-रोहू सोडणारच आहोत, तर त्यातच जंबो झिंगा सोडला तर चालेल का? चालेल. पण बियाण्याला पैसे मोजण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा. माशाला जे सहज सोसतं ते कोळंबीला सोसेलच असं नाही.

आपण बोलतोय ती गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, कोकणात जिला पोशा म्हणतात. ती तळाशी राहते, रात्री फिरते आणि वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते. कात टाकल्यावर काही तास तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्या वेळी तिला पळता येत नाही की नांगी मारता येत नाही. मासा तर खातोच, पण दुसरी कोळंबीसुद्धा सोडत नाही. माशांसोबत कोळंबी जगवायची म्हणजे हे काही तास सांभाळायचे.

म्हणून सोबती निवडून घ्या. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, त्यामुळे या दोघांचा तळाशी त्रास नाही. मृगळ आणि सिप्रिनस मात्र तळातलंच खातात. ते कोळंबीचं खाद्य पळवतात, म्हणून या तळ्यात ते नकोत. चिलापी नकोच. मरळ, शिवडा, वांब यांच्यासाठी तर कोळंबी म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. हे मासे आपण सोडत नाही, नाल्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यातून येतात. त्यामुळे पाणी घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. (घरी मुलांनी काचेच्या टाकीत फायटर मासा आणि बारकी कोळंबी ठेवली असेल तर तिथंही हेच. लपायला झाडोरा दाटीनं नसेल तर फायटर एकेक करून कोळंबी संपवतो.)

लपायच्या जागेवरून आठवलं. मातीच्या तळ्यात खाचखळगे असतात, प्लास्टिक कागदाच्या तळ्यात काहीच नसतं. तळ गुळगुळीत, कडा घसरड्या. तिथं जुनी कौलं, पाइपाचे तुकडे, बांबूच्या मोळ्या, जुन्या जाळ्यांचे झुपके टाका. फक्त कशालाच टोक नको, नाहीतर कागद फाटेल आणि पाणीच जाईल. खताची किंवा औषधाची रिकामी कॅन कापून टाकू नका. कितीही धुतली तरी नको.

आता आकड्यांचं. कोळंबी तळाशी राहते, म्हणून संख्या तळावरून ठरवायची, वरच्या पाण्यावरून नाही. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल शेततळ्याला दीडास एक उतार असेल तर तळ उरतो 21 बाय 21, म्हणजे साधारण 440 चौरस मीटर. चौरस मीटरला 1 ते दीड याप्रमाणे 450 ते 650 कोळंबी पुष्कळ झाली. विकणारा 2 हजार घ्या म्हणेल. घेऊ नका. गर्दी झाली की त्या एकमेकींनाच खातात.

बियाणं शक्यतो नर्सरीत वाढवलेलं घ्या. सेंटिमीटरभराची पिल्लं थेट माशांत सोडली तर ती माशांचं खाद्य होतात. तशीच मिळाली तर तळ्यात बारीक जाळीचा हापा बांधून महिना-दीड महिना त्यात वाढवा. ही पिल्लं हॅचरीत मचूळ पाण्यात जन्मतात. ती गोड्या पाण्याला सरावलेली आहेत का, हे घेतानाच विचारा. याच कारणामुळे आपल्या तळ्यात कोळंबीची पैदास होत नाही. बियाणं दर वर्षी विकतच घ्यावं लागतं, ते हिशोबात धरा.

पाण्याचं बघा. कागदाच्या तळ्यात नुसतं पावसाचं पाणी असेल तर त्यात चुनखडी फार कमी, आणि कवच बनायला कॅल्शियम लागतं. पाणी तपासून घ्या. जडपणा लिटरला 50 ते 150 मिलिग्रॅम बरा. कमी निघाला तर शेतीचा चुना द्या. कळीचा चुना जिवंत तळ्यात टाकायचा नाही. दुसरं, 3 मीटर खोल तळ्यात तळाशी प्राणवायू कमी पडतो. ढगाळ दिवसानंतर पहाटे कोळंबी कडेला चढून बसलेली दिसली तर समजा पाणी गुदमरलंय. खोल तळ्यात एरेटरशिवाय हा धंदा करा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फवारणी. कोळंबी ही किड्यांच्याच भावकीतली. जे औषध अळीला मारतं ते तिलाही मारतं, आणि सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधं तर अगदी थेंबात. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन ही औषधं अळीला कात टाकू देत नाहीत, कोळंबीचंही तेच होतं. शेवाळ जावं म्हणून आपण शेततळ्यात मोरचूद टाकतो ना, तो तांब्याचाच क्षार. कोळंबी असलेल्या तळ्यात तो टाकायचा नाही, बोर्डोची टाकीही जवळ धुवायची नाही. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनो, तुमचं तळं बागेला चिकटून असेल आणि ब्लोअरचा फवारा वाऱ्यानं पाण्यावर येत असेल, तर तुम्ही फक्त मासेच करा. वाईट वाटेल, पण बियाण्याचे पैसे वाचतील.

खाद्य संध्याकाळी, बुडणारं. आधी माशांना वर कोंडा-पेंड द्या, ते गुंतले की मग कोळंबीचं. ताटलीत ठेवून दोरीनं सोडा आणि सकाळी उचलून बघा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. पाण्यात पांढरी पोकळ कवचं दिसली तर घाबरू नका, ती कात आहे. आत मांस असेल तर मात्र कोळंबी मेलीय.

पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की वाढ मंदावते, 14 च्या आसपास कोळंबी मरू लागते. म्हणून आत्ता सोडलेली कडाक्याच्या थंडीआधी निघायला हवी. चौथ्या महिन्यापासून लांब निळ्या नांग्यांचे मोठे नर निवडून काढा. ते दादागिरी करतात तोवर बाकीची खुजीच राहतात. आणि पिकाला पाणी उपसताना तळ्यात किमान एक मीटर पाणी राहू द्या.

कुणाला सोडायची असेल त्यांनी तळ्याचं माप, खोली, कागद आहे की माती, आणि शेजारच्या शंभर फुटांत कोणतं पीक आहे एवढं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाण्याचा नमुना स्वच्छ बिसलरीच्या बाटलीत, कंपनीच्या ऑफिसात सोमवारी सकाळी 11 च्या आत आणून द्या.